पक झाकून बघणारे काका

"पक झाकून बघा," असं म्हणून काका आपला डावा पंजा डोळ्यांसमोर धरायचे. बर्फावरची ती काळी चकती आणि तिच्यामागे जीव खाऊन पळणारी पोरं त्या पंजाआड जायची. उरायचा फक्त मागे राखणीला उभा असलेला बचावपटू. "आता सांगा, हा काय करतोय?" सांगण्यासारखं काही नसायचं हो! अंगभर पॅड चढवलेलं एक चौदा वर्षांचं पोरगं काठी घेऊन उलटं उलटं सरकतंय, बस. काकांना मात्र तेवढ्यात त्याची सगळी कुंडली दिसायची.

त्यांच्याबद्दल लिहायला मी बसलेय खरी, पण हात जड झालाय. एकदा मी त्यांचं लिहिलेलं पुरतं उतरवून काढलं नाही. त्याचं काय झालं ते सांगायचं तर आधी काका कोण, ते सांगायला हवं.

अ‍ॅरिझोनात आइस हॉकी म्हटल्यावर माझी सांगलीची आई फोनवर हसत सुटली होती. "अगं, तुमच्याकडे निवडुंग ना?" निवडुंगच आहेत. त्या निवडुंगांच्या गावात, आमच्या चँडलरमध्ये, एक भलीमोठी शेड आहे आणि तिच्यात बारा महिने बर्फ असतो. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यांत राबणारे आम्ही आईबाप पोरांना तिथे खेळायला आणतो. काका मला पहिल्यांदा दिसले ते त्या शेडच्या पार्किंगमध्ये. सप्टेंबरचं ऊन, चपलेचा तळ डांबराला चिकटेल असं, आणि हे गृहस्थ गाडीतून उतरले ते कानटोपी, मफलर, लोकरीचा स्वेटर अशा थाटात! "अगंबाई!" माझ्या तोंडून निघालं. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. तर ते शांतपणे मराठीत म्हणाले, "आत जाऊन घालायचं म्हणजे पाच मिनिटांचा खेळ बुडतो."

त्यांचं स्वतःचं कुणीच खेळत नव्हतं. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकुलती मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पिस्कॅटवेला, संसारात. काकांनी तीस वर्षं कारखान्यात भिंगाखाली चिपमधले दोष शोधले आणि निवृत्त झाले. त्याआधी मिशिगनला पहिली नोकरी होती, तिथला घरमालक त्यांना मॅचला न्यायचा. "सगळे पक बघायचे. मला तो मेला दिसायचाच नाही, इतका वेग. मग मी उरलेलं बघायला लागलो." हे सांगताना ते लाजल्यासारखं हसायचे.

तिसऱ्या रांगेत, अगदी कोपऱ्यात त्यांची जागा. मांडीवर वही, शेजारी कॉफीच्या डब्यात चिवडा. वहीत सगळं मराठीत. तीस वर्षं इंग्रजीत रिपोर्ट लिहिलेला माणूस, मग इथेच मराठी का? मी विचारलं. डोळे मिचकावून म्हणाले, "मागच्या बाकावरून आईबाप डोकावतात गं. त्यांच्या पोराबद्दल काय लिहिलंय ते कळलं तर मला इथून उचलून बाहेर टाकतील."

आणि टाकलंच असतं. कारण काकांना गोड बोलता येत नव्हतं. एक उंचापुरा गोरा बाप एकदा कौतुकानं विचारायला आला, माझा मुलगा कसा वाटला म्हणून. काका म्हणाले, "पहिली वीस मिनिटं छान." बाप खूश. "पुढची चाळीस मिनिटं तो पहिल्या वीस मिनिटांच्याच आठवणीत असतो." मी खाली मान घालून चिवडा खाल्ला. कुणी रागावलं की काकांचं ठरलेलं वाक्य असे, "मी माझ्या मनचं सांगत नाही, दिसतंय ते सांगतोय." हळूहळू लोक त्यांना टरकून असायचे आणि तरी विचारायला यायचे. कोचसुद्धा यायचा. तो तर त्यांना 'अंकल' म्हणायचा आणि त्यांच्या नजरेवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

आता माझं ऐका. माझा ईशान त्या टीममध्ये बचावाला होता. त्याच्या जोडीला टायलर नावाचा मुलगा, हा आडवातिडवा, सोळाचा वाटावा असा. आणि आपल्या लोकांची खोड तुम्हाला माहीत आहेच. पोराला किती मार्क पडले यापेक्षा शेजारच्याला किती पडले हे आधी विचारायचं. देश बदलला, शाळा बदलली, परीक्षेच्या जागी हॉकी आली, खोड तीच. मी दर शनिवारी काकांच्या शेजारी जाऊन बसायची. "काका, टायलर की ईशान?"

काका कधी एका शब्दात उत्तर देत नसत. "टायलर अंगावर जातो. ईशान वाटेत जाऊन उभा राहतो," एकदा म्हणाले. दुसऱ्या खेपेला, "टायलरला पक मिळाला की तो बर्फाभोवतीच्या काचेवर आपटून मोकळा होतो. ईशान आधी आपला माणूस शोधतो, मग देतो. त्यात कधी एखादा सेकंद जास्त जातो, पण दिलेलं वाया जात नाही." मी फुलून जायची. मग हळूच टाचणी. "पण टायलरची मान बघ. पाय जड आहेत, मान जिवंत आहे. सारखा इकडेतिकडे बघतो. बचावाच्या पोराचे पाय मागाहून बघावेत, आधी मान बघावी." मला हे फारसं आवडायचं नाही. मानेला कोण मेडल देतं?

त्या वर्षीपासून या पोरांना अंगानं धक्का द्यायची मुभा मिळाली होती. चौदाव्या वर्षापर्यंत नसते. नोव्हेंबरात एका मॅचमध्ये ईशान पाठीवर पडला आणि डोक्याचा मागचा भाग बर्फावर आपटला. हेल्मेट होतं. उठला, बाकावर जाऊन बसला, पाणी प्यायला. "आय अ‍ॅम फाइन, आई," म्हणाला. कोचनं विचारलं त्यालाही तेच सांगितलं. दोन दिवस डोकं दुखलं, मी गोळी दिली, तिसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. झालं, मी म्हटलं.

नंतरच्या गोष्टी इतक्या बारीक होत्या की आज सांगताना माझाच मला राग येतो. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा घासायला लागला. वाढत्या वयात पोरं धडपडतात. मग जेवताना भाजी तशीच राहायला लागली. आपण भाजी पानात उजवीकडे वाढतो ना, ती आख्खी तशीच, आणि डावीकडची कोशिंबीर, चटणी, लोणचं साफ. भाजीशी त्याचं जन्माचं वैर, म्हणून मी एक दिवस ओरडले, "भाजी कोण खाणार, तुझा बाप?" तो पानाकडे बघून म्हणाला, "व्हॉट भाजी?" मला वाटलं, नाटकं करतोय. मी ताट फिरवून भाजी त्याच्या नाकासमोर आणली, तेव्हा मुकाट्यानं खाल्ली.

जानेवारीत काकांनी मला प्रथम टोकलं. "ईशान उजवीकडच्या कोपऱ्यात पक आणायला जातो तेव्हा बघ. मान वळवतो, पण माणूस जवळ आल्यावर. आधी असं नव्हतं."

"थकलाय हो. परीक्षा आहेत," मी म्हणाले.

"थकलेला माणूस दोन्हीकडे उशीर करतो. हा एकाच बाजूला करतो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काका, तुम्हाला माणसात दोष दिसला नाही तर झोप लागत नाही का हो?" उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला आणि ते वहीत काहीतरी लिहीत राहिले.

त्याच सुमाराला मिनेसोटातल्या एका मोठ्या शिबिराचं पत्र आलं. तिथे निवड झालेल्या पोरांवर पुढे कॉलेजांची नजर असते. आमच्या टीमला बचावाची एकच जागा होती. कोच म्हणाला, टायलर की ईशान हे मी अंकलवर सोडतो, त्यांनी दोघांची तुलना लिहून द्यावी, ते म्हणतील तो जाईल. मला आनंदानं नाचावंसं वाटलं. खेळ बघितला तर ईशानच सरस, हे काकांनी मला कितीदा सांगितलं होतं!

आणि नेमका काकांचाच डोळा गेला. एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळा पडदा उतरायला लागला. रेटिना सुटली होती. तातडीनं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर तोंड खाली करून पडून राहायचं, मान वर करायची नाही. मुलगी पिस्कॅटवेहून धावत आली. मी डबा घेऊन गेले तेव्हा काका पलंगावर पालथे, कपाळाखाली उशी, आवाज गादीतून येतोय. जगभराच्या पोरांच्या माना बघणाऱ्या माणसाची ही गत! मला भडभडून आलं.

"टेबलावर वही आहे," गादीतून आवाज आला. "शेवटच्या दोन पानांवर दोघांचं लिहून ठेवलंय. इंग्रजीत टाइप करून कोचला पाठव."

"काका, त्यात माझाच पोरगा आहे. मुलीला सांगा ना."

"तिला मराठी धड वाचता येत नाही. आणि तू कमीजास्त करणार नाहीस. जसं आहे तसं पाठव."

शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पहिलं पान वाचताना ऊर भरून आला. टायलरचं खरंखुरं, मोजकं कौतुक. ईशानबद्दल तर असं लिहिलं होतं की शाळेतल्या कुठल्या बाईंनी कधी लिहिलं नाही. 'याला खेळ आधी कळतो, मग पाय हलतात.' खाली, 'दोघांत ईशान वरचा.' मी ते सगळं नीट, शब्द निवडून टाइप केलं. मग पान उलटलं.

मागे पाचच ओळी होत्या. 'पण आत्ता त्याला पाठवू नये. नोव्हेंबरात पडल्यापासून उजवीकडून येणारा त्याला दिसत नाही. तो बघत नाही असं नव्हे. दिसत नाही. आधी डॉक्टरला दाखवावं, तोवर धक्क्याचा खेळ बंद.'

खोटं कशाला बोलू, मला तेव्हाच कळलं. भाजीचं ताट डोळ्यांसमोर उभं राहिलं. बाहेर ड्राइव्हवेवर ईशान काठीनं चेंडू मारत होता, गॅरेजच्या दारावर त्याचा ठकठक आवाज येत होता. डॉक्टरकडे नेलं की ते लिहून ठेवणार, महिनाभर खेळ बंद करणार, शिबिराची जागा टायलरला जाणार. शिबिर तर दहा दिवसांवर होतं. आल्यावर दाखवू, दहा दिवसांत काय होतंय? आणि मग मला एक युक्तिवाद सुचला, इतका चपखल की मी त्याला घट्ट धरून बसले. उजवीकडचा पडदा कुणाच्या डोळ्यावर होता? काकांच्या! महिनाभर त्यांचाच उजवा डोळा जात असणार. स्वतःच्या डोळ्यातला अंधार त्यांना माझ्या पोरात दिसला.

मी 'दोघांत ईशान वरचा' इथे पूर्णविराम दिला आणि मेल पाठवून दिली.

वही परत करायला गेले तेव्हा काका अजून पालथेच होते. "पाठवलंस?"

"हो."

"मागचं पानही?"

"हो काका."

ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. यंदा टायलर जाऊ दे. ईशानला पुढचं वर्ष आहेच की." मी त्यांच्या पाठीवरचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. कोचनं ईशानचं नाव कळवलं होतं, त्याची बॅग घरी भरून तयार होती.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सरावात, ईशान उजवीकडच्या कोपऱ्यात पक आणायला गेला. मी काचेपलीकडे उभी होते. उजवीकडून एक मुलगा येत होता, चांगला सरळ, सगळ्यांना दिसेल असा, नियमातला. त्या पोराची काही चूक नव्हती. ईशान आपल्याला बघून सावरून घेईल असं त्याला वाटलं. मी ओरडले, "उजवीकडे!" काचेतून काय ऐकू जाणार? ईशाननं मान वळवलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून मेंदूच्या स्कॅनचं चित्र दाखवलं. जुन्या जखमेवर नवी जखम झालीय, म्हणाल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "याआधी कुणाला काही जाणवलं होतं का?" नवरा "नो" म्हणाला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही "नो" म्हणाले.

तीन आठवड्यांनी आम्ही त्याला घरी आणलं. तो चालतो, बोलतो, हसतोसुद्धा. उजवीकडचं अर्धं जग त्याला दिसत नाही आणि ते परत येणार नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त वाचता येत नाही, उजेड सहन होत नाही. माझ्या घराचे पडदे तेव्हापासून ओढलेलेच आहेत.

काका एका दुपारी आले, मुलीच्या हाताला धरून. पाठ वाकली होती, डोळा लाल. आधी मला स्वयंपाकघरात गाठलं. "कोचनं वाचूनही पाठवला?"

मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. "काका, आता तो विषय नको. कोचशी काही बोलू नका, प्लीज. ईशानला त्रास होईल."

मला वाटलं, आता हा माणूस माझ्याकडे बघेल आणि त्याला दिसेल. आयुष्यभर दुसरं केलंय काय त्यानं? पण काका खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाले, "नाही बोलणार. चूक माझीच आहे. तीस वर्षं मी दोष पहिल्या ओळीत लिहिला. वरची ओळ वाचतात लोक, मागचं पान कोण मनावर घेतं? ना कोचनं घेतलं, ना तू. या वेळी कौतुक आधी लिहिलं आणि दोष मागे टाकला. तू टाइप करणार होतीस ना, तुझं मन राखायला."

तेव्हा सांगायचं होतं. चहा उकळून उतू गेला, मी ओटा पुसत बसले.

मग ते ईशानच्या खोलीत गेले. अंधारात त्याच्या डाव्या हाताला, त्याला दिसेल असे बसले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि या चौदा वर्षांच्या पोराची माफी मागितली. "आय शुड हॅव कॉल्ड द कोच मायसेल्फ," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ईशान गोंधळून म्हणाला, "इट्स ओके, काका. डोन्ट क्राय." मी दारात चहाचे कप घेऊन उभी.

महिनाभरात मुलगी त्यांना पिस्कॅटवेला घेऊन गेली. त्या बर्फाच्या रिंकवर ते परत गेले नाहीत. मुलीनं तिकडेही जवळचं रिंक शोधून दिलं होतं, पण नाही म्हणाले. दर रविवारी सकाळी मात्र त्यांचा फोन यायचा. "ईशान कसा आहे?" मी म्हणायची, "बरा आहे." मग ते म्हणायचे, "मी ते वर लिहायला हवं होतं गं." मी म्हणायची, "जाऊ दे हो काका." किती रविवार! प्रत्येक रविवारी फोन वाजला की मी ठरवायची, आज सांगायचं. फोन ठेवला की ठरवायची, पुढच्या रविवारी. ती मेल माझ्याकडे अजून आहे. कोचनं कधी काही विचारलं नाही, त्याला विचारायला कारणच नव्हतं. नवऱ्याला मी आजही सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

मागच्या रविवारी फोन आला नाही. मंगळवारी त्यांच्या मुलीचा आला. बाबा गेले, म्हणाली. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या. त्रास काही झाला नाही. मी काय बोलायचं असतं ते बोलले. मग ती रडू आवरत म्हणाली, "त्यांनी ईशानचं फार मनाला लावून घेतलं होतं. शेवटपर्यंत. आय टोल्ड हिम सो मेनी टाइम्स, बाबा, तुमची चूक नाही. माझं ऐकायचे नाहीत. तुमचं मानायचे ते. तुम्हीपण त्यांना सांगितलं असेल ना?"

"हो," मी म्हणाले. "सांगितलं होतं."